दोनशे किलो कचरा हवा आहे

पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरते म्हणून शेडमधल्या बायकांनी मुकादमबाईचं नाव भिंगरी पाडलं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दहा वर्षं ती कचऱ्याच्या गाडीमागे वॉर्डातल्या गल्ल्या पालथ्या घालत होती. "ओला एका डब्यात, सुका दुसऱ्यात" हे तिने इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती झोपेतही तेच बरळते अशी नवऱ्याची तक्रार होती. शिवाय स्वभाव संशयी. झाकण उघडून आत हात घातल्याशिवाय ती कुणाचाही डबा गाडीत चढू देत नसे, मग तो डॉक्टरचा असो की नगरसेवकाचा.

शेड म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक वजनकाटा, एक रबरी पट्टा आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून काच, कागद, प्लास्टिक वेगळं करणाऱ्या अकरा बायका. पट्टा म्हातारा झाला होता. मधेच अडून बसायचा, मग बायका त्याला लाथ घालून चालता करायच्या. नवा घ्यायची पालिकेची ऐपत नव्हती, म्हणून पालिकेने राज्याकडे अनुदान मागितलं होतं. मिळालं तर नवा पट्टा. नाही मिळालं तर शेडला कुलूप आणि सगळा कचरा थेट डेपोवर. या अकराजणींना दुसरं काम कोण देणार, या विचाराने भिंगरीला महिनाभर अन्न गोड लागत नव्हतं.

गुरुवारी अकरा वाजता राज्याचे दोन अधिकारी पाहणीला येणार होते. अट साधी होती. त्या दिवशी वॉर्डातल्या घरांनी वेगळा करून दिलेला निदान दोनशे किलो कचरा पट्ट्यावर दिसला पाहिजे. तिच्या तीन गाड्या रोज पाचशे किलो आणत, त्यामुळे कचऱ्याची चिंता तिला नव्हतीच. चिंता होती गल्ल्यांची. म्हणून सोमवारपासून ती दारोदार ओरडत फिरली, "गुरुवारी वरून साहेब येणार आहेत. एक कपटासुद्धा दिसता कामा नये, सांगून ठेवते!"

आणि लोकांनी ऐकलं. दहा वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांनी एकदम ऐकलं.

गुरुवारी साडेआठला तिन्ही गाड्या रिकाम्या परत आल्या. "आज कुणी देतच नाहीये," गाडीवाला डोकं खाजवत म्हणाला. "म्हणतात, बाईंची फजिती नको व्हायला. साहेब जाऊ देत, मग देतो."

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, मग त्यांना दाखवू काय? माझं डोकं?"

ती तशीच धावत सुटली. मास्तरांनी दोन दिवसांचा कचरा न्हाणीघरात कोंडून ठेवला होता आणि आपण बाहेर नळावर अंघोळ करत होते. शिंपीणबाईने चिंध्यांच्या घड्या घालून कपाटात रचल्या होत्या. एकीने दुधाच्या पिशव्या धुऊन, चिमटे लावून दोरीवर वाळत घातल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर सगळा कचरा माहेरी पाठवला होता.

"माहेरी?"

"मग? भाऊ कशाला आहे?" काकू म्हणाल्या.

"द्या हो, असेल तो द्या," म्हणत भिंगरी हात जोडत होती. कालपर्यंत कपटा दिसू नये म्हणणारी बाई आज सालं मागत फिरते म्हटल्यावर लोक तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. कुणी म्हणे, बसा, पाणी प्या आधी. बसते कसली! एक जिना उतरताना तिचा जीव पुढच्या जिन्यात अडकलेला. सगळं चांगलं चाललं होतं, आपणच आपल्या तोंडाने त्याची माती केली, हे तिला पावलोपावली बोचत होतं.

दहा वाजता काटा एकशे बेचाळीसवर थांबला. अठ्ठावन्न किलो कमी. वॉर्डातलं एकच घर राहिलं होतं, तिच्या मोठ्या जाऊबाईंचं.

जाऊबाईंची खाणावळ होती, रोज चाळीस पानं उठत. दोन वर्षांपूर्वी तिथून आलेल्या उष्ट्या अन्नात फुटकी बाटली निघाली आणि शेडमधल्या एकीचा तळहात फाटला. भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तो अख्खा डबा भर जेवणाच्या वेळी, गिऱ्हाइकांसमोर, जाऊबाईंच्या दारात उपडा केला. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. दोघी कुठे समोरासमोर आल्या तर रस्ता बदलायच्या, आणि दोघे भाऊ चोरून चहा प्यायचे. खाणावळीचा कचरा आता दुपारी येणाऱ्या शेजारच्या वॉर्डाच्या गाडीत जायचा. त्या गाडीला कसलंच सोयरसुतक नव्हतं, काहीही टाका. "सगळं एकत्र कोंबत असणार," असं भिंगरी सगळ्यांना सांगायची.

खाणावळीच्या दारात ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मग हाक मारली, "ताई."

जाऊबाई हात पुसत बाहेर आल्या.

"ताई, कचरा हवा होता. मिसळलेला असला तरी द्या. मी बसून निवडते."

जाऊबाई मागच्या अंगणाकडे वळल्या. तिथे झाकणं लावलेली चार पिंपं ओळीने उभी होती. त्यांनी एकेक झाकण उचललं. एकात सालं आणि उष्टं. दुसऱ्यात धुतलेले डबे. तिसऱ्यात पुठ्ठे, सुतळीने बांधलेले. चौथ्यात काच, आणि फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वर लाल खडूने फुली मारलेली.

"कधीपासून?" भिंगरीने विचारलं.

"तू ओतलंस, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

"मग मला का नाही दिलंत?"

"तुला समाधान कशाला देऊ?" जाऊबाई म्हणाल्या. "माझ्या दारात ओतलं होतंस तू. आणि तिचा हात कसा आहे गं आता?"

भिंगरीचे डोळे भरून आले. जाऊबाईंनी पिंपाचा एक कान धरला आणि खेकसल्या, "रडतेस काय! धर तिकडून. अकराला साहेब येतायत ना तुझे?"

दोघींनी पिंपं शेडवर आणली आणि काटा दोनशे दहावर गेला. साहेब आले, पट्टा दोनदा अडला, दोनदा लाथ खाऊन चालला. साहेबांनी लाल फुलीचं पुडकं उचलून पाहिलं आणि जाऊबाईंना विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"शिकवलं कुठलं हो," जाऊबाई म्हणाल्या, "दारात ओतलं."

मंजुरीचं पत्र महिन्याने आलं, शेड राहिली. तोवर भिंगरी रोज टपालवाल्याला वाटेत गाठून हैराण करत होती.

पण पाहणीच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तिची गाडी दोन वर्षांनी खाणावळीसमोर थांबली. जाऊबाईंनी पिंप पुढे ढकललं आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घे, तपास."

भिंगरीचा हात सवयीने झाकणाकडे गेला. तिथेच थांबला. मग तिने पिंप तसंच, न उघडता, गाडीत चढवलं.