थेंब न गळणारं शेड

आमच्या शेजारच्या रामकिसनरावांना बागेसाठी एक शेड निवडायला अकरा महिने लागले, आणि त्यातले निदान दहा महिने मी त्यांच्यावर चिडलेली होते. दुसऱ्याच्या शेडवरून तू का चिडतेस, असं आमचे हे विचारायचे. पण सातारा परिसर नावाच्या आमच्या वस्तीत आमच्या दोन घरांच्या मधे एकच भिंत आहे, आणि त्यांच्या मनकर्णाबाईंचा चेहरा मला रोज दिसतो.

रामकिसनराव मूळचे दौलताबादकडच्या शेतकरी घरातले. वाळूजच्या एका कंपनीत त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं. तयार झालेल्या गाडीवर चहूबाजूंनी पाण्याचा मारा करायचा आणि आत थेंब उतरतो का ते पाहायचं. उतरला की गाडी परत. तीन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि घरामागच्या मोकळ्या जागेत वांगी, गवार, मेथी लावून बसले. बागेबद्दल माझी तक्रार नाही. वांग्यांचा पहिला तोडा माझ्याच घरी येतो, त्यामुळे तक्रार करायला तोंडही नाही.

तक्रार सामानाची. टिकाव, फावडी, नळीची भेंडोळी, फवारणीचा पंप आणि निंबोळी पेंडीची पोती, सगळं घराच्या मागच्या खोलीत जाऊन बसलं. ही खोली मनकर्णाबाईंची होती. तिथं त्या गोधड्या शिवायच्या. गोधडी एकदा अंथरली की आठ-पंधरा दिवस हलवता येत नाही, आणि बैठकीत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात सुया कशा ठेवणार? शेडचा शोध सुरू होऊन सहा महिने झाले होते, एवढ्यात पुण्याहून लेकीचा, तनुजाचा फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. बाळाची पहिली गोधडी आजीच्या वापरून मऊ झालेल्या लुगड्यांची हवी. आणि आजीला ती शिवायला हातभर जमीन नव्हती.

"पेंडीच्या वासात मी लेकराची गोधडी शिवू का?" मनकर्णाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"शेड आणू की. पण बगून आणू," रामकिसनराव म्हणाले, आणि बघतच राहिले.

तयार प्लॅस्टिकचं शेड पाहिलं, त्याला खांदा लावला, ते वाकलं. नापास. वाळूजजवळ वॉचमनची जुनी केबिन मिळत होती. हे गृहस्थ तिच्याखाली आडवे होऊन आत शिरले आणि गंज दाखवत बाहेर आले. नापास. प्रत्येक ठिकाणी ते दुकानदाराकडून बादलीभर पाणी मागत, ते छतावर ओतत आणि स्वतः आत जाऊन वर बघत बसत. दोन दुकानदारांनी तर त्यांना लांबून येताना पाहूनच शटर ओढलं, असं मनकर्णाबाई सांगतात. मला खरं वाटतं.

तनुजाला सातवा लागला तेव्हा चितेगावच्या सर्जेरावांचा पत्ता मिळाला. ते पत्र्याची शेडं करतात. गाडी आमची होती, म्हणून मीही गेले. खरं सांगायचं तर तमाशा बघायलाच गेले. शेड चांगलं होतं. दोन्हीकडं खिडक्या, छतात मधोमध उजेडाचा पारदर्शक पत्रा, खाली सपाट लाद्या. त्या दिवशी सांधे बाहेरून तपासायचे म्हणून रामकिसनरावांनी आत बायकोला बसवलं आणि पाण्याची नळी धरली.

"थेंब दिसला की हाक मार!"

पाणी सुरू झालं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आतून आवाज नाही. सर्जेराव टाकीकडं बघून हळहळायला लागले.

"अगं, गळायलंय का?" रामकिसनराव ओरडले.

"नाय."

"मंग बाहेर ये की!"

"बसू द्या जरा. लई बरं वाटायलंय."

मी दारातून डोकावले. बाई लादीवर पाय पसरून बसल्या होत्या, वरून उजेड मांडीवर पडला होता, आणि तळहातानं त्या जमीन चाचपत होत्या. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "हेच घ्या."

रामकिसनराव असे खूश झाले, की त्यांनी सर्जेरावांना मिठीच मारली. बायकोला आपली परीक्षा पटली, असं त्यांना वाटलं. मला मात्र तिथंच कळून चुकलं होतं. पण मी गप्प बसले, कारण अकरा महिन्यांत पहिल्यांदाच मला मजा येत होती.

चार दिवसांनी शेड बागेच्या कोपऱ्यात बसलं. दुसऱ्या दिवशी दुपारी रामकिसनराव दोन्ही खांद्यांवर फावडी घेऊन निघाले आणि शेडच्या दारात थबकले. आत तीन लुगडी एकावर एक अंथरलेली, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, खलबत्ता, तांब्या आणि डबा. मधे मनकर्णाबाई.

"चपला बाहेर काढा."

"अगं, हे सामानासाठी आणलंय!"

"सामान हाय तिथं राहू द्या. त्या खोलीचा वास आता काय जायचा नाय."

त्यांनी सवयीनं वर छताकडं पाहिलं. थेंब गळत नाही, उजेड भरपूर, जमीन सपाट. नापास कशावरून करणार? फावडी जशी आली तशी परत गेली.

तासाभरानं मी मेथी आणायला गेले, तर रामकिसनराव शेडच्या बाहेर वाफ्याच्या कडेला बसलेले. आतून ओव्या ऐकू येत होत्या. बारीक, सरळ आवाज, टाक्याच्या लयीवर चाललेला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "ही गाती? मला ठावंच नाय."

कुठून ठाऊक असणार? तीस वर्षं दिवसपाळीला ते कंपनीत आणि रातपाळीनंतर दुपारभर झोपेत. त्यांना जाग येऊ नये म्हणून ती बाई दार लावून गायची. भिंतीपलीकडं आम्हीच तेवढं ऐकायचो, आणि खोली भरली तेव्हापासून तेही बंद झालं होतं. मी हे सगळं त्यांना सांगितलं. माझा राग कुठं गेला होता कोण जाणे.

रामकिसनराव उठले. चपला काढल्या, आत गेले आणि गोधडीच्या कडेला मांडी घालून बसले. ओवी थांबली.

"म्हण की," ते म्हणाले. "आता मी जागाच हाय."