शिकागोत स्टेक शोधताना

आम्हाला कोल्हापूर स्टेशनवर सोडायला अब्बा आले ते दुकान बंद करून, आणि तेही रविवारी. रविवारी मटणाच्या दुकानाला कुलूप आमच्या गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. अम्मी रडत होती. गाडी हलली तसे अब्बा खिडकीबरोबर चालू लागले आणि मोठ्यानं म्हणाले, "मटण घेताना डोळ्यानं न्हाय, बोटानं बघ. आणि हलालची अडचण असंल तर बिस्मिल्ला म्हणून खावा, पर उपाशी ऱ्हाऊ नका!" त्र्याहत्तर साल होतं ते. सलीम, माझा नवरा, उद्यमनगरात टर्नर होता. शिकागोच्या एका मशीनच्या कारखान्यानं त्याला बोलावलं होतं.

नसीम, तू गडमुडशिंगीहून लिहितेस, "आपा, त्या स्टेकचं एवढं काय कौतुक?" तुला सगळं पहिल्यापासून सांगते.

सलीमच्या कारखान्यात राधानगरीचे दत्ता चौगुले होते. पहिल्याच आठवड्यात ते घरी आले आणि चहा संपायच्या आत म्हणाले, "वहिनी, ह्या गावात येऊन स्टेक न्हाय खाल्लं तर आलाच कशाला?" स्वतः मात्र ते कोकराच्या चापाच खायचे. घरी दावणीला बैल होते, त्यामुळं गाई-बैलाचं मांस त्यांना जमायचं नाही. तरी दर शनिवारी आम्हाला गाडीत घालून ते नव्या स्टेकहाऊसला न्यायचे, आणि आमच्यापेक्षा जास्त उत्साहानं.

पहिलं हॉटेल लाल गाद्यांचं. ताटाएवढा तुकडा आला. सलीमनं सुरी लावली आणि आतलं लाल बघून तो ओरडला, "ह्ये कच्चं हाय की!" त्यानं तो परत पाठवला. दुसऱ्यांदा आला तेव्हा दातानं तुटेना. चौगुले म्हणाले, "वाईट हॉटेल." मी म्हटलं, हॉटेल वाईट नाही, आपण मागितलं चुकीचं. मांस चांगलं होतं, आपणच ते जाळायला लावलं. परतताना गाडीत तासभर भांडण. किती मजा यायची त्या भांडणांत!

दुसरं हॉटेल तळ्याकाठी होतं. तिथं मी 'मीडियम', म्हणजे मध्यम भाजलेलं, म्हणायला शिकले. तिथल्या वाढपिणीनं सांगितलं की त्यांचं मांस थंड खोलीत तीन आठवडे मुरवलेलं असतं. मला वाटलं, मला इंग्रजी नीट कळलं नाही. आपल्याकडं सकाळी कापलेलं संध्याकाळी कुणी घेत नाही, आणि इथं तीन आठवडे? पण पहिला घास घेतला आणि लगेच दुसरा कापला. मीठ, मिरी, लोणी, एवढंच. मसाला नाही, खोबरं नाही, आणि तरी इतकी चव! मला अब्बांना तिथल्या तिथं बोलावून आणावंसं वाटलं.

मग आलं तिसरं, शहरातलं सगळ्यात नावाजलेलं. मी रिबआय मागवला. रिबआय म्हणजे बरगडीजवळचा मऊ तुकडा. ताट आलं, मी काटा लावला आणि बोटानं दाबून पाहिलं. तंतू लांब, मधे चरबी नाही. मी वाढप्याला म्हटलं, "हा तो तुकडा नाही." सलीमनं टेबलाखाली माझा पाय दाबला. "गप बस की. बाहेर काढतील आपल्याला."

आतून पांढऱ्या एप्रनातला धिप्पाड माणूस आला, तिथला मुख्य खाटीक. "कोण म्हणतंय?"

"मी," मी म्हटलं. माझं मोडकं इंग्रजी तेवढ्यात संपलं. मी तंतूंवरून काटा फिरवून दाखवला, मग स्वतःच्या मांडीवर थाप मारली, बरगडीवर बोट ठेवलं आणि नाही म्हणून मान हलवली. अख्खं हॉटेल बघत होतं. चौगुले मला हळूच म्हणाले, "वहिनी, सोडू नका."

त्यानं ताट जवळ घेऊन निरखलं. कानापर्यंत लाल झाला. कापणारा नवा होता, म्हणाला. मग त्यानं मला आत बोलावलं. थंड खोलीत टेबलावर मांसाचे दोन मोठे तुकडे मांडले आणि विचारलं, यातला जास्त मुरलेला कुठला? मी बोटानं दाबून सांगितलं. मग त्यानं माझ्यापुढं सुरी धरली.

नसीम, तुला आठवतं ना, अब्बांनी आपल्याला दुकानात कधी पाऊल टाकू दिलं नाही. "पोरींनी फुडं यायचं न्हाय," एवढंच म्हणायचे. मी आतल्या दारात बसून त्यांचा हात बघत मोठी झाले. त्या दिवशी तोच हात माझ्या हातात आला. मी कापलं. तो म्हणाला, "सोमवारी सकाळी सातला ये."

गाडीत सलीम म्हणाला, "अब्बांना काय सांगायचं?"

"खरं ते सांगायचं," मी म्हटलं. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, पत्र लिहिलं आणि उत्तराची वाट न बघता सोमवारी कामावर गेले. पंधरा पुरुष, आणि त्यांत साडीवर एप्रन बांधलेली मी. भीती वाटत होती आणि नाचावंसंही वाटत होतं.

महिन्याभरानं अब्बांचं उत्तर आलं. मी ते उभ्यानंच फोडलं. परवानगीबद्दल एक अक्षर नव्हतं. "सुरी किती लांबीची देत्यात? धार कशावर लावत्यात? हाड करवतीनं कापत्यात का कोयत्यानं? सगळं लिहून कळव." दोन पानं भरून नुसते प्रश्न!

पाच वर्षांनी आम्ही कोल्हापूरला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी दुकानातूनच हाक मारली. "ये गं हिकडं. दाव तुमच्या तिकडं कसं कापत्यात." गिऱ्हाइकांच्या देखत मी पदर खोचून ठोकळ्यापुढं उभी राहिले आणि बकऱ्याच्या रानाचे, म्हणजे मांडीचे, आडवे, जाड तुकडे काढले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?" अब्बा म्हणाले, "पावणं कुठलं! थोरली लेक हाय माझी."

दुपारी मी ते तव्यावर नुसत्या मीठ-मिरीत केले. अब्बांनी दोन घास चावून खाल्ले. "चांगलं हाय की," म्हणाले, "पर रस्सा कुठं हाय?" अम्मीनं हसत वाटी पुढं सरकवली.

निघायच्या दिवशी अब्बा पुन्हा स्टेशनवर आले. या वेळी मटणाबद्दल काही बोलले नाहीत. खिडकीतून माझा हात धरून म्हणाले, "घरी पोचलीस की पत्र टाक."

मी सलीमकडं बघितलं. तोही माझ्याकडं बघत होता. इतकी वर्षं शिकागोत बसून आम्ही 'घरी' म्हणायचो ते कोल्हापूरला. शिकागोला घर पहिल्यांदा म्हणाले ते अब्बा, आणि तेही असं सहज. रडू आलं, पण वाईट वाटून नाही.

पोचल्या दिवशीच लिहायला बसले. 'अब्बा, आम्ही सुखरूप घरी पोचलो,' एवढं लिहून होतं न होतं तोच दार वाजलं. बाहेर चौगुले उभे. "वहिनी, चपला घाला! नदीपलीकडं एक नवं हॉटेल उघडलंय."