म्यानावर ठसा नाही

बाबाजी हवालदार संगीन हातात घेत ती पात्याकडे न बघता. डोळे अधू झालेले. बंदुकीच्या टोकाला लावायचे ते हत्यार आडवे धरून मुठीजवळच्या लोखंडावर अंगठा फिरवत आणि मुकुट, साल, पलटणीचा नंबर घडाघडा सांगत. उमेदीची सगळी वर्षे पलटणीच्या शस्त्रागारात गेलेली. मी भोरचा कारकून. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत नसरापुरात घरोघरच्या हत्यारांची सरकारी तपासणी लागली, तेव्हा महिनाभर आम्ही एका टेबलाशी बसलो. ते सांगत, मी लिहीत असे.

कुणी लखलखीत घासलेली संगीन आणून तिचे मोल विचारी. हवालदार वैतागत. "लेका, घासून घासून ठसाच खाल्लास की! धारंला कोन इचारतंय? किंमत ठशाची असती." ठशात एकच बाण असला तर माल सरकारी, म्हणजे जप्त. दोन बाण टोकाला टोक भिडवलेले असले, तर सरकारने विकून टाकलेला. तो घरी नेता येई. मालकाचे नाव ते आधी ऐकूनच घेत नसत. "नाव कळलं की बोट लबाडी करतंय, भाऊसाहेब." जप्तीच्या शिव्या मात्र दोघांनाही खाव्या लागत. मला त्या टेबलाचा वीट आला होता.

एका दुपारी वेल्ह्याकडची एक म्हातारी आली. फडक्यात गुंडाळलेली संगीन तिने पुढे ठेवली. हवालदारांनी ती म्यानातून काढली, अंगठा फिरवला. "एकच बाण. सरकारी. ल्हिवा." मी लिहिले. मग त्यांनी विचारले, "कुनाची हो, आक्का?"

"लेकाची. पैल्या लढाईत बसऱ्याला गेला, त्यो आलाच न्हाई. संगतीच्या गड्यानं एवढं आनून दिलं. दुसरं त्याचं काय बी न्हाई माज्याकडं."

पक्क्या वहीत खाडाखोड चालत नसे. म्हातारी रडली नाही. नुसती म्हणाली, "मंग म्यान तरी ऱ्हाऊ द्या की."

त्यांनी ते चामड्याचे म्यान उचलले. अंगठा एका जागी येऊन थांबला. तिथला बाण मला समोरून ठसठशीत दिसत होता. "ह्याच्यावर काय बी न्हाई," ते म्हणाले. "घिऊन जावा, आक्का." मीही तसेच लिहिले. दुसऱ्या दिवसापासून हवालदार कामावर आले नाहीत.

ते वारले त्याच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्या गावी, कामथडीला, त्यांना भेटायला गेलो होतो. ओसरीवर पडून होते, फार थकले होते. म्हणाले, "सगळ्या जल्मात यकच ठसा खोटा सांगितला, भाऊसाहेब. त्येचं काय न्हाई. तिच्या लेकाचा खरा सांगितला, त्यो काय अंगट्यावरनं जात न्हाई."