पारगावच्या सेंटर फॉरवर्डचा इसार

मच्छिंद्र वडापची जीप नारायणगावच्या स्टँडवर लावायचा आणि सीटा भरेपर्यंत समोरच्या केबलच्या दुकानात जाऊन इंग्लंडची काळजी करायचा. आधी येऊन बसलेले पारगावचे पॅसेंजर जीपमध्ये उकडून निघायचे. शेवटी एखादी म्हातारी पिशवी सांभाळत दुकानाच्या दारात यायची आणि विचारायची, "बाबा, आज जायचंय का उद्याच्याला?" तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात यायचं की आपण मँचेस्टरचे मॅनेजर नाही, ड्रायव्हर आहोत.

दुकान भगवंताचं. त्याच्या केबलवर सगळं गाव मालिका बघायचं, पण दुकानातला टीव्ही कायम फुटबॉलवर अडकलेला. क्रिकेटवाले डोकवायचे आणि नाक मुरडून पुढं जायचे. टिकून राहिले दोघंच. एक मच्छिंद्र आणि दुसरा राजरत्न, खता-औषधांच्या कंपनीचा सेल्समन. राजरत्न खडकीला मामाकडं राहून शिकलेला, त्यामुळं फुटबॉल त्याला घरचाच वाटायचा.

मच्छिंद्रचा फुटबॉलही खडकीचाच, पण मागच्या दारानं आलेला. लहानपणी त्याचा बाप नवसू मेंढरं घेऊन तिकडच्या माळावर उतरला होता. लष्कराच्या मैदानात जवान खेळत होते. पोरगं तोंड उघडं टाकून बघत राहिलं आणि मेंढरं सरळ गोलपोस्टमध्ये शिरली. जवानांनी शिव्या दिल्या, बापानं काठी दिली. खडकीच्या मैदानावर एका दमात चाळीस गोल आपल्या नावावर आहेत, असं मच्छिंद्र अजून सांगतो.

पुढं मेंढरं विकली, जीप आली, लग्न झालं, केस विरळ झाले. फुटबॉल तेवढा राहिला. कारखान्याशेजारच्या मैदानावर पोरं गोळा करून त्यानं पारगावची टीम उभी केली. मॅनेजर तो, कोच तो आणि बॉलमध्ये हवा भरणाराही तोच.

सन २००३चे जून-जुलै त्याला फार वाईट गेले. मँचेस्टरनं आपला सात नंबरचा खेळाडू माद्रिदला विकला. ते दुःख मुरतंय तोवर रशियाच्या एका शेठनं लंडनचा आख्खा क्लबच घेतल्याची बातमी आली. मच्छिंद्र दोन दिवस पॅसेंजरांवर खेकसत होता. ज्या टीमनं पोराला लहानाचं मोठं केलं तिचा त्याच्यावर हक्क असतो, तो मोडून त्याला बाजारात उभं करणं म्हणजे खेळ संपला, असं त्याचं म्हणणं. राजरत्न माद्रिदचा, तो खुशीत होता. भारीतले भारी खेळाडू एका टीममध्ये बघायला मिळतायत, त्यात रडायचं काय, असं त्यानं विचारलं. त्यावर मच्छिंद्रनं त्याला लग्नातला आहेर मोजणारा पाव्हणा म्हटलं. पुढचा अर्धा तास दोघं एकमेकांच्या क्लबची उणीदुणी काढत राहिले.

भगवंत कुठल्याच टीमचा नव्हता. तो वायर सोलत म्हणाला, "तुमी दोघं बी खुळे हाय. क्लब-बिब काय नसतंय. ह्यो मार्केट यार्ड हाय राव. ज्याचा गाळा मोठा, त्याच्याकडं माल." अजून चार वर्षांत गल्लीतल्या टीमच्या बनियनवर बियाण्याच्या कंपनीचं नाव येईल, मॅच मधेच थांबवून जाहिराती लावतील आणि मच्छिंद्रभाऊ पैसे भरून त्या बघत बसतील, असं भविष्यही त्यानं सांगून टाकलं.

"तिकडं व्हत आसंल," मच्छिंद्र म्हणाला. "आपला समाधान कुठं जातोय का बघ."

समाधान म्हणजे पारगावचा सेंटर फॉरवर्ड. बाविशीतला पोरगा, अंगानं सडपातळ, बोलायला कमी. गाळपाच्या हंगामात तो कारखान्यावर कामाला असायचा आणि हंगाम संपला की नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उचलायचा. मच्छिंद्रनं दोन पावसाळे त्याच्या मागं लागून त्याचा डावा पाय तयार केला होता. उजवा पाय सुतळीनं बांधून त्याला मैदानभर लंगडायला लावायचा. गाव हसायचं. पण त्या डाव्या पायानं पारगावला दर जानेवारीत होणाऱ्या चषकाच्या फायनलपर्यंत नेलं होतं. चषक मात्र एकदाही हाती लागला नव्हता. या वर्षी तो आणायचाच, एवढं एकच मच्छिंद्रच्या डोक्यात होतं.

दिवाळीच्या सुमाराला भगवंतानंच बातमी दिली. चिमाजीशेठ नारायणगावची टीम काढतायत. चिमाजीशेठ टोमॅटोचे मोठे आडतदार. फुटबॉलमधलं त्यांना एवढंच कळायचं की त्याला हात लावायचा नसतो. पण टीव्हीवर रशियाचा शेठ गॅलरीत बसून टाळ्या वाजवताना त्यांनी बघितला आणि आपणही असं बसावं, हे त्यांच्या मनानं घेतलं. गाळ्यावर येणाऱ्या पोरांकडं शेठ चांगल्या खेळाडूंची विचारपूस करतायत, म्हणाला भगवंत, आणि पहिलं नाव समाधानचं निघालंय.

मच्छिंद्रनं त्या दिवशी जीप अर्धी रिकामी हाकली. वाटेत त्याला एक युक्ती सुचली, आणि इतकी सोपी युक्ती मँचेस्टरवाल्यांना कशी सुचली नाही याचं त्याला नवल वाटलं. इसार. बाप मेंढरांच्या सौद्यात तेच करायचा. थोडी रक्कम हातावर ठेवायची की सौदा बांधला गेला. घेणारा फिरला तर इसार बुडाला. विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत करायचा. पण इसार घेऊन फिरलेला माणूस बाजारात तोंड दाखवू शकत नाही, म्हणून सहसा कोणी फिरत नसे.

संध्याकाळी तो समाधानच्या घरी गेला. समाधान कामावर होता. त्याची आई द्रौपदा सुपात तांदूळ पाखडत होती. मच्छिंद्रनं चहा घेतला, पाऊसपाण्याचं बोलला आणि पाचशे एक रुपये सुपाशेजारी ठेवले.

"हे कशाचं?" तिनं विचारलं.

"इसार म्हणा. समाधान औंदा आपल्याकडंच खेळंल, त्याचा."

द्रौपदाचा हात थांबला. "इसार मेंढराला देत्यात न्हवं?"

मच्छिंद्रनं मान, प्रेम, हक्क असे बरेच शब्द एकापुढं एक मांडले. तिनं ते ऐकून घेतले आणि पैसे पदराला बांधले. "ठेवती मी," ती म्हणाली. "इसाराची रीत मला बी ठाव हाय, मच्छिंद्रभाऊ."

मच्छिंद्र घरी आला तो शीळ घालत. आई म्हाळसाबाईला त्यानं सगळं सांगितलं, तर ती चुलीपुढून म्हणाली, "आरं, मेंढराला इचारायची सोय नसती, म्हणून तुझा बा मालकाशी बोलायचा. समाधानला तर तोंड व्हतं. त्याला काय पायजे ते इचारलंस का?"

नव्हतं विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं, असं त्याला वाटत होतं.

पंधरवड्यानं द्रौपदा स्वतः स्टँडवर आली. मच्छिंद्र तेव्हा नेमका दुकानात, आणि राजरत्नला समजावून सांगत होता की पैशावर खेळणारी टीम शेवटी कशी कोसळते. ती दारात उभी राहिली आणि पदराची गाठ सोडून नोटा त्याच्यापुढं धरल्या. वर दोन रुपयांचं नाणं.

"दुप्पट हाय. मोजून घ्या. आमी सौदा मोडला."

कारणही तिनंच सांगितलं. समाधानला चिमाजीशेठनं गाळ्यावर बारमाही काम दिलंय. हंगाम संपल्यावर काय, हा प्रश्न तिच्या घरात पहिल्यांदाच उरला नव्हता. शेठकडं जायचं ठरलं तरी पोराचा पाय निघत नव्हता, मच्छिंद्रभाऊला तोंड कसं दाखवू म्हणून चार दिवस जेवला नव्हता. "मंग मीच म्हणलं, रीत हाय ना. दुप्पट दिली की मोकळा. शेठनं लगीच काढून दिलं." एवढं बोलून तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही. जाताना दारात थांबून म्हणाली, "तुमी इसार दिला नसता, तर पोरगं तुमच्याच भिडंखातर थांबलं असतं बघा."

भगवंतानं टीव्हीचा आवाज कमी केला आणि हळूच विचारलं, "म्हणजे पोराला किंमत तूच लावलीस म्हणायची?" राजरत्ननं तोंडावर हात धरला, पण हसू बोटांतून सांडलंच. मँचेस्टरनं सात नंबर विकला, पारगावनं नऊ नंबर विकला आणि दोन्ही मॅनेजर फायद्यात राहिले, असं तो नंतर महिनाभर वाटेल त्याला सांगत फिरत होता.

त्या पैशाला मच्छिंद्रनं हात लावायचं टाळलं. जीपमध्ये डिझेल घालताना नोटा खिशात असायच्या, पण निघायच्या नाहीत. कोणावर चिडावं हेच त्याला कळत नव्हतं. समाधानवर चिडायला गेलं की बारमाही काम आडवं यायचं. शेठवर चिडायला गेलं तर शेठनं रीतीबाहेर काहीच केलेलं नव्हतं. राहता राहिला इसार, आणि तो कोणाच्या डोक्यातून निघाला हे सगळ्या स्टँडला माहीत होतं. मग तो पॅसेंजरांवरच चिडायचा. "सरकून बसा" हे शब्द त्या महिन्यात त्यानं जितक्या रागानं उच्चारले तितक्या रागानं कोणी भाषण केलं नसेल.

शेवटी त्यानं ते पैसे राजरत्नकडं दिले आणि पुण्याहून गोलची जाळी मागवली. पारगावच्या मैदानावर तोवर दोन बांबू आणि वर ताणलेली दोरी एवढाच गोल होता. गोल झाला की नाही हे बॉल कुठून गेला यापेक्षा कोणाचा आवाज मोठा यावर ठरायचं, आणि स्टँडवर "पारगाव, पारगाव" ओरडून तापलेल्या मच्छिंद्रच्या गळ्यापुढं कोणाचा टिकाव लागत नसे. कितीतरी गोल त्यानं नुसत्या आवाजानं बाहेर काढले होते. पण या वर्षी शेठची थैली आहे, शेठ पंचाला विकत घेईल, मग आवाजाला कोण विचारतो, असा त्याचा हिशेब. जाळी असली की वाद नको.

फायनलला पारगाव आणि नारायणगावच आले. सव्वीस जानेवारीचा दिवस, मैदान पारगावचंच, कारखाना जोरात, हवेत मळीचा वास. ऊसतोडीची माणसं बैलगाड्यांवर चढून बघत होती. नारायणगावच्या पोरांच्या लालभडक शर्टांवर पाठीमागं चिमाजीशेठचं नाव आणि छातीवर टोमॅटो. भगवंतानं सांगितलेली बनियनवरची कंपनी चार वर्षं न थांबता सहा-सात महिन्यांतच आली होती. शेठ टेम्पोच्या हौद्यात खुर्ची टाकून बसले होते आणि नुसता कॉर्नर मिळाला तरी गोल झाल्यासारख्या टाळ्या वाजवत होते.

समाधाननं येताना मच्छिंद्रकडं बघितलं आणि मान खाली घातली. मच्छिंद्रनं चपलेची धूळ झटकली.

पारगावच्या पोरांनी जीव काढला. शेवटची दहा मिनिटं उरली तरी फळा कोराच होता. मग उजवीकडून एक बॉल उडत आला, समाधान दोघांच्या मधून वळला आणि डाव्या पायानं खालच्या कोपऱ्यात मारला. मच्छिंद्रचं तोंड सवयीनं उघडलं. "बाहेरून" हा शब्द ओठापर्यंत आला होता. आख्खं मैदान त्याच्याकडं बघत होतं, पंचसुद्धा. बॉल नव्या कोऱ्या जाळीत अडकून हलत होता.

त्यानं तोंड मिटलं.

मॅच तेवढ्यावरच संपली. चषक टेम्पोत चढला, फटाके झाले. मच्छिंद्र एकटाच जाळी सोडायला गेला, कारण ती त्याची होती आणि रात्री कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला नेली असती. गाठी घट्ट बसल्या होत्या. तो त्यांच्याशी पुटपुटत झगडत असताना दुसऱ्या बांबूपाशी समाधान येऊन उभा राहिला आणि त्या बाजूच्या गाठी सोडू लागला. टेम्पोतून त्याच्या नावानं हाका येत होत्या.

"जा," मच्छिंद्र म्हणाला. "तुझा शेठ थांबलाय."

"थांबू द्या. सीटा भरल्याबिगर गाडी हलती व्हय?"

मच्छिंद्रला हसायचं नव्हतं, म्हणून तो गाठीवर जास्तच वाकला. जाळी खाली आली. दोघांनी दोन टोकं धरून घडी घालायला घेतली. घडी घालताना मच्छिंद्रनं विचारलं, गाळ्यावर कसं चाललंय. बरं चाललंय, समाधान म्हणाला, फक्त शेठ क्रेट पण उचलायला लावतो आणि गोल पण मागतो.

"डाव्यानं मारलास," मच्छिंद्र म्हणाला.

"तुमीच शिकवलंय की."

"तेच तर जूनपास्नं म्हणतोय मी, घडवणाऱ्याचा हक्क आसतोय," मच्छिंद्र वैतागून म्हणाला आणि जाळीचं आपलं टोक त्याच्या हातात दिलं.