गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर

आमची प्रार्थना संपली की चहा होतो आणि त्या चहाला किस्से सुरू होतात. पेणमध्ये आम्ही ख्रिस्ती मोजून पाच घरं, बहुतेक नगरकडून नोकरीसाठी आलेली. चर्च नाही. पाळकसाहेब महिन्यातून एकदा पनवेलहून येतात, बाकीचे रविवार आमचे आम्ही निभावतो. एवढ्याशा मंडळीत इतके किस्से साठतात कसे, कोणास ठाऊक! माणसं काही वाढत नाहीत, किस्से मात्र वाढतच जातात.

*

पहिली अडचण जागेची. दोन घरमालकांनी ‘प्रार्थना’ ऐकल्यावर चहा पाजून वाटेला लावलं. तिसऱ्याने जागा दिली आणि पहिलं गीत ऐकून परत घेतली. त्यात साळवेच्या आवाजाचा वाटा मोठा. साळवे माझा मित्र, डोलवीच्या स्टील कंपनीत माझ्याबरोबर कामाला.

शेवटी भाऊ सापडले. भाऊंचा गणपतींचा कारखाना. हंगाम नसला की वरची माडी रिकामी. मी भीत भीत विचारलं, म्हटलं, रविवारी देवाचं नाव घ्यायला दोन तास जागा हवी, पण आम्ही ख्रिश्चन आहोत. भाऊंनी हातातला ब्रशसुद्धा थांबवला नाही.

“माडी देवासाठीच बांधलीय. बसा. गाणं तेवढं हळू बोला.”

म्हणजे साळवेची कीर्ती आमच्या आधीच पोचली होती.

*

खरं सांगायचं तर त्याआधी दोन वर्षं मी कुठेच जात नव्हतो. रविवारी ओव्हरटाइम मिळायचा. देव सोडला होता असं नाही, त्याला आठवड्यात जागाच उरली नव्हती. या माडीने मला परत आणलं. आणि ही माडी सुटली तर सगळ्यात आधी गळणारा मीच, हेही मला पक्कं माहीत होतं.

म्हणून हिंमत करून सुपरवायझरकडे रविवारची साप्ताहिक सुट्टी मागितली. त्याने विचारलं, तुमची प्रार्थना बुधवारी नाय चालत का? मी नाही म्हटलं. बराच विचार करून त्याने सुट्टी दिली. पण पुढच्या रविवारी सकाळी त्याचा मेसेज आला, दोन नंबरची क्रेन बंद आहे, प्रार्थनेत सांगा. आता नाही कसं म्हणणार? सांगितलं.

सोमवारी गेटवरच त्याने मला गाठलं. म्हणाला, “क्रेन चालू झाली. पण कन्व्हेअर तुटला. तो सांगायचा राहिला का?”

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मला मशिनरीची यादी येते.

*

साळवे कधीकधी नाइट करून, पुढच्या पाळीचा रिलीव्हर आला की थेट उपासनेला येतो. गुडघे टेकतो, मान खाली घालतो आणि अर्धा तास हलत नाही. पनवेलहून आलेल्या एका बाईंनी तर आम्हाला त्याचा दाखला दिला, बघा, याला म्हणतात लीन होणं.

एकदा पाळकसाहेब प्रभूच्या येण्याविषयी बोलत होते. आवाज चढत गेला. “तो येत आहे! दाराशी आहे!” म्हणाले आणि थांबले.

साळवेने मान वर केली. “रिलीव्हर आला का?”

पाळकसाहेबांनी तिथेच समारोप केला.

*

रूथमावशी रोह्याच्या, निवृत्त नर्स. रोह्याहून गाडीने येतात. परतीची गाडी चुकली तर सगळी दुपार पेण स्टेशनच्या बाकावर काढावी लागते. त्यामुळे आमची उपासना कधी संपते, हे रेल्वेच्या हातात.

एका रविवारी उपदेश लांबला. मावशी उभ्या राहिल्या, छत्री काखोटीला मारली. आम्हाला वाटलं, निमूट जातील. कसल्या जातात!

“पाळकसाहेब, मला आशीर्वाद आधी द्या. उपदेश मागाहून यांना सांगा. मला गेल्या महिन्याचाच अजून पुरतोय.”

साहेबांनी आशीर्वादाला हात वर केला.

*

भाऊंची एक अट होती, माडीवर अंडं-मटण चालणार नाही. बरोबरच आहे. पण नाताळला केक आला आणि केकात अंडं! मग आम्ही जिन्यावर बसून केक खायचं ठरवलं. एकेका पायरीवर एकेक कुटुंब. खालच्या रंगारी बायकाही आल्या.

तेवढ्यात भाऊ आले. सगळ्यांचे घास हातात थांबले. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, तिसऱ्या पायरीवर नीट बसले आणि हात पुढे केला.

“ही काय माडी नाय.”

दोन तुकडे खाल्ले.

*

आता यंदाचं सांगतो. चैत्रानंतर माडीवर मूर्ती चढायला लागतात. आधी एक भिंत जाते, मग दुसरी. श्रावण येईपर्यंत आमची पाच घरं एका सतरंजीवर येतात. रंग कारखान्यात कोणीही देतं, पण डोळ्यांची आखणी भाऊंचीच. त्यांच्या मते आखणी होईपर्यंत ती माती, आखणी झाली की देव. मग माडीवर दुसऱ्या कोणी बसायचं नाही.

गेल्या वर्षी आखणी लवकर झाली आणि आमची उपासना दोन महिने बंद पडली. त्यात तीन रविवार मी ओव्हरटाइमला गेलो, सुपरवायझरने न बोलावता. यंदा पाळकसाहेबांनी स्पष्टच सांगितलं, पुन्हा बंद पडली तर पनवेलच्या मंडळीत या. मी पनवेलला दोनदा जाईन, तिसऱ्यांदा नाही. माझं मला कळतं. फार भीती वाटत होती.

गणपतीच्या आधीचा शेवटचा रविवार आला. खालच्या सगळ्या मूर्तींचे डोळे झाले होते. मी सतरंजी गुंडाळून न्यायच्या तयारीने जिना चढलो. वर मुकुट झाले होते, पितांबर झाले होते, दागिने झाले होते. डोळ्यांच्या जागा कोऱ्या. मधे कोणीतरी आमची सतरंजी अंथरून ठेवलेली. गुंडाळायला आलो होतो त्याच सतरंजीवर मी बसलो आणि गीत साळवेने सुरू केलं.

दुसऱ्या कडव्याला खाली आवाज चढले म्हणून मी जिन्यात आलो. गडब गावचा एक दुकानदार टेम्पो घेऊन आला होता. त्याच्या मूर्ती माडीवर होत्या.

“भाऊ, चार दिवसांवर गणपती आले नि माझ्या मूर्तींना डोळे नाय?”

“उद्या सकाळी आखतो.”

“आज काय झालं?”

“आज आखले तर वरच्या माणसांना उठवायला लागंल.”

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग टेम्पोकडे पाहिलं.

“मग आता मी काय करू?”

भाऊंनी ब्रश पाण्यात बुडवला.

“वर जाऊन बस. अजून एकाची जागा हाय.”