हुद्द्याच्या रकान्यात
परवा डिलाईल रोडवर एका वर्कशॉपसमोरून जाताना ग्रीस आणि रॉकेलचा वास आला आणि बाबांचे हात आठवले. एकाहत्तरच्या लढाईत बाबा गोदीत फिटर होते. युद्धनौकांचे पंप दुरुस्त करताना दोन-दोन दिवस घरी यायचे नाहीत. शिक्षण चौथी, पण काळाचौकीच्या आमच्या चाळीत त्यांना सगळे 'इंजिनिअर'च म्हणत. पुढे कितीतरी वर्षांनी, लढाईत राबलेल्या कामगारांना प्रशस्तिपत्र मिळणार असं कळलं. बाबांना ते फार हवं होतं, भिंतीवर लावायला. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, म्हणून अर्ज मीच लिहिला आणि हुद्द्याच्या रकान्यात ऐटीत 'इंजिनिअर' लिहून टाकलं. बाबांबरोबर अर्ज द्यायला गेले, तर कचेरीतले साहेब म्हणाले, "डिप्लोमा दाखवा." बाबा म्हणाले, "डिप्लोमा नाय साहेब, मी फिटर." "मग हे खोटं कोणी लिहिलं?" मी तोंड उघडायच्या आत बाबांनी सांगून टाकलं, "मीच सांगितलं पोरीला." साहेबांनी अर्जावर 'खोटी माहिती' असा शेरा मारला आणि दुसरा अर्ज घेता येणार नाही म्हणाले. जिन्यात मला रडू फुटलं, तर बाबा आपल्या मालवणीत म्हणाले, "रडतंस कित्याक गो? पंप चालले मां तेवा? झाला मगे." पण घरी येऊन त्यांनी भिंतीत आधीच ठोकलेला खिळा उपटून काढला. आता बाबाही नाहीत. त्या कचेरीतल्या फायलीत मात्र त्यांच्या नावापुढे अजून तो शेरा असेल, आणि त्याच्या वर माझं वळणदार अक्षर.