मामाची बंद खिडकी

घरात शिरताशिरताच भाच्याचं कोपर फडताळावरच्या बाटलीला लागलं आणि बाटली खळ्कन फुटली. बाटलीत पारा होता. चांदीचे मणी फरशीभर धावले. काही शेगडीखाली, काही पडद्याआड, जिथे मामाची गरोदर सून पडली होती. घर म्हणजे एक खोली आणि एक पडदा. आणि भाचा नोकरीला कुठे, तर पाऱ्यावर बंदी घालणाऱ्या प्रदूषण खात्यात!

“आला सरकारी पाहुणा!” मामी पुठ्ठ्याने मणी गोळा करत म्हणाली. “आजवर पारा जप्त करून न्यायचे, आता घरी येऊन सांडायला लागले.”

मामाने अंगावर कधी सोनं घातलं नाही, तापवलं मात्र जन्मभर. खाणवाले दगड कुटत, त्यात पारा कालवत. पारा सोन्याला चिकटून त्याची गोळी होई. ती गोळी मामा तापवी. पारा धूर होऊन उडे, सोनं उरे, मामाला मजुरी मिळे. हे सगळं नदीकाठी, मोकळ्या वाऱ्यावर. मामाच्या गप्पा अशा, की गोळी नसली तरी खाणवाले येऊन बूड टेकत.

मग नियम आला. नदीकाठी पारा जाळताना कोणी दिसला, की दंड. नियम चांगलाच होता. भाच्याने स्वतः टाइप केला होता. नदीकाठ साफ झाला, साहेबांनी फोटो काढले. मामाने मुकाट्याने तवा उचलून घरात आणला आणि धूर बाहेर दिसू नये म्हणून खिडकी लावून घेतली.

आता त्या विषारी धुराने त्याचे हात थरथरत. कपातला चहा ओठांपर्यंत निम्माच पोचे. “चहालाच घाई असते,” असं म्हणून तो हसे. हसणारा तो एकटाच. भाच्याचा जीव मात्र पडद्याआड अडकला होता. म्हणूनच आज त्याने खात्यातून झाकणाचं भांडं आणलं होतं. त्यात धूर कोंडतो, घरात पसरत नाही. मामाने त्याचं मन राखलं. दुपारी आलेल्या खाणवाल्याची गोळी त्यात घातली आणि झाकण आवळलं.

“आत काय चाललंय?” खाणवाल्याने विचारलं.

“तुझंच सोनं तापतंय, बाबा.”

“मग मला दिसायला नको?”

झाकण निघालं. खाणवाल्याने दाणा तळहातावर उलटापालटा केला.

“एवढंच?”

“मग काय मी गिळलं?”

“मी कुठं तसं म्हणालो?” असं म्हणत त्याने मजुरी टेकवली आणि मामाच्या नजरेला नजर न देता तो गेला.

पुढची गोळी त्याने पलीकडच्या गल्लीत नेली, जिथे उघड्या तव्यावर काम होई. मागोमाग बाकीचेही गेले. जन्मभर कुणाच्या कणाला हात न लावलेला माणूस एका झाकणापायी चोर ठरला.

महिन्याभराने भाचा पुन्हा आला, या वेळी कोपरं अंगाशी धरून. तव्यावर गोळी तापत होती आणि दोन खाणवाले डोळ्यांत तेल घालून तिच्याकडे बघत होते. खिडकी वाऱ्याने उघडू नये म्हणून तिला खात्याच्या भांड्याचं टेकण लावलं होतं. पडद्याआड सून खोकत होती, थांबत होती, पुन्हा खोकत होती.

“मामा,” भाचा काकुळतीला आला, “तिच्यासाठी तरी खिडकी उघडा हो!”

मामाने तव्यावरची नजर काढली नाही.

“खिडकी उघडली की तुझी माणसं येतात.”